पंचवीस पौंडांचे नाक

१९२६ साली लंडनमध्ये भरलेल्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनाच्या माहितीपुस्तकात एक जाहिरात छापून आली. रॉसवेल एल्ड्रिज नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ती दिली होती. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळच्या चित्रांत दिसतो तसा, लांब तोंडाचा, सपाट डोक्याचा, कपाळाच्या मधोमध तांबडा ठिपका असलेला जुन्या धाटणीचा छोटा स्पॅनियल जो कोणी आणून दाखवील त्याला पंचवीस पौंड, आणि तशीच मादी आणून दाखवणाऱ्याला आणखी पंचवीस पौंड, असा तिचा मजकूर होता. एल्ड्रिज इंग्लंडला आले होते ते असा कुत्रा विकत घ्यायला. पण जिकडे जावे तिकडे त्यांना चपट्या तोंडाचे, घुमटासारख्या डोक्याचे स्पॅनियल दिसत होते. चित्रात असलेला कुत्रा जमिनीवर उरलेला नव्हता.

आज ‘कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल’ या नावाने जगभर घराघरांत वाढणारी जात या जाहिरातीतून उभी राहिली. लांब कानांची, मोठ्या डोळ्यांची, मांडीवर येऊन बसणारी, सहा-आठ किलो वजनाची. कुत्र्यांवरच्या इंग्रजी पुस्तकांत ही हकीकत विजयकथा म्हणून सांगितली जाते: हरवलेली जात हौशी लोकांनी परत आणली. गेली काही वर्षे मी या जातीच्या वंशावळी, जुनी चित्रे, पशुवैद्यकीय लेख आणि अलीकडचे न्यायनिवाडे जमवतो आहे. मी पशुवैद्य नाही. पण घरात कुत्र्याची वीण करणे, पिल्ले वाढवणे आणि ती दुसऱ्याच्या घरी देणे या साध्या दिसणाऱ्या व्यवहारात जबाबदारी म्हणजे नेमके काय, हे तपासायला याहून चांगला कागदोपत्री पुरावा मला दुसऱ्या कुठल्या जातीचा मिळाला नाही. माझ्या मते या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट नाक नव्हे. कुत्र्याचे म्हातारपण कोणी पाहिले आणि त्याची नोंद कोणी ठेवली, ही आहे.

आधी चित्रांकडे वळू. तिशियनने १५३८ साली रंगवलेल्या प्रसिद्ध व्हीनसच्या पायाशी एक छोटा तांबडा-पांढरा स्पॅनियल झोपलेला आहे. व्हॅन डाइकने पहिल्या चार्ल्स राजाच्या मुलांची चित्रे काढली, त्यांतही मुलांच्या पायाशी असे कुत्रे आहेत. त्या मुलांपैकीच एक पुढे दुसरा चार्ल्स म्हणून गादीवर आला आणि त्याच्या नादामुळे या कुत्र्यांना त्याचे नाव चिकटले. सॅम्युअल पीप्सने आपल्या रोजनिशीत तक्रार नोंदवली आहे की राजा कामकाजाच्या बैठकीत लक्ष द्यायचे सोडून कुत्र्याशी खेळत बसतो. (या राजाने आपल्या स्पॅनियलांना पार्लमेंटसकट कुठेही प्रवेश देणारा कायदा केला होता, अशी एक गोष्ट अजूनही छापली जाते. असा कायदा झाल्याचा पुरावा नाही.) पुढे मार्लबरोच्या सरदार घराण्याने ब्लेनिमच्या वाड्यात तांबड्या-पांढऱ्या रंगाचे स्पॅनियल पाळले, म्हणून त्या रंगालाच ब्लेनिम म्हणतात.

या सगळ्या चित्रांत कुत्र्याला नाक आहे. व्हिक्टोरिया राणीचा लाडका डॅश, ज्याला तिने १८३८ साली राज्याभिषेकाच्या दिवशी समारंभ आटोपून घरी आल्यावर स्वतः आंघोळ घातली होती, त्यालाही व्यवस्थित नाक होते. लँडसीअर या चित्रकाराने १८४५ साली एका कलासंग्राहकाच्या दोन स्पॅनियलांचे चित्र काढले. चित्र गाजले. पण ते दोन्ही कुत्रे पुढे पडून मेले, एक टेबलावरून आणि दुसरा जिन्याच्या कठड्यातून. लहान कुत्रा घरात ठेवणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवण्यासारखी आहे. अशा कुत्र्याला सोफ्याची उंचीही पुष्कळ असते.

नाक गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५९ सालच्या जूनमध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. ते शिकारी कुत्र्यांचे होते आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ निघाला. माणूस कळत नकळत पाळीव प्राण्यांचे रूप कसे बदलत नेतो हे सांगताना डार्विनने त्यात याच स्पॅनियलचे उदाहरण दिले आहे: राजा चार्ल्सच्या काळापासून हा कुत्रा खूप बदलला असावा, आणि तो कोणी मुद्दाम ठरवून बदललेला नाही. डार्विनला जे ‘नकळत’ दिसले ते पुढच्या वीस-तीस वर्षांत चांगलेच ‘कळत’ होऊ लागले. १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला, वंशावळींची वही सुरू झाली, प्रत्येक जातीचे ‘मानक’ लिहिले गेले. परीक्षकासमोर पाच मिनिटे उभ्या राहणाऱ्या कुत्र्यात जे नजरेत भरेल ते वाढवायचे, असा स्पर्धेचा स्वभाव असतो. छोट्या स्पॅनियलांत नजरेत भरले ते बाळासारखे गोल डोके आणि बसके नाक. दोन-तीन पिढ्यांत नाक डोळ्यांच्या मध्ये जाऊन बसले.

याविरुद्ध पहिला दस्तऐवजी आक्षेप घेतला तो ज्युडिथ लिटन या बाईंनी. कवी बायरनची ही पणती. अरबी घोड्यांच्या पैदाशीसाठी तिच्या आईवडिलांनी उभा केलेला तबेला प्रसिद्ध होता आणि पुढे तो तिनेच चालवला. १९११ साली तिने ‘टॉय डॉग्ज अँड देअर अँसेस्टर्स’ हा ग्रंथ लिहिला. जुनी चित्रे, कोरीवकामे, पत्रे एकत्र मांडून तिने दाखवून दिले की ‘प्राचीन शुद्ध जात’ म्हणून मिरवणारा बिननाकाचा स्पॅनियल ही कालपरवाची फॅशन आहे. ग्रंथ भांडखोर आहे, ठिकठिकाणी एकांगी आहे, पण मला ती बाई आवडते. विद्यापीठाचा शिक्का नसताना केवळ पाहून, जुळवून, ताडून तिने केनेल क्लबच्या तज्ज्ञांना उघडे पाडले. एल्ड्रिज यांची जाहिरात पंधरा वर्षांनंतरची.

जाहिरातीला लगेच प्रतिसाद मिळाला नाही. ज्यांनी आयुष्यभर नाक आत ढकलण्यासाठी पैदास केली होती, त्यांना लांब नाकाचे पिल्लू म्हणजे वाया गेलेले पिल्लू. असे एखादे वेतात आले तर ते कुणाला तरी देऊन टाकत. बक्षिसासाठी आता हीच देऊन टाकलेली पिल्ले शोधायची वेळ आली. १९२८ साली मिस मोस्टिन वॉकर यांनी ‘अ‍ॅन्स सन’ हा कुत्रा आणला आणि पंचवीस पौंड जिंकले. ते बघायला एल्ड्रिज हयात नव्हते. त्याच प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मूठभर हौशी जमले, क्लब स्थापन झाला, जुन्या जातीपासून वेगळेपणा दिसावा म्हणून ‘कॅव्हेलियर’ हा शब्द पुढे जोडला गेला. मानक लिहिताना टेबलावर अ‍ॅन्स सन उभा केला होता आणि शेजारी सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या चित्रांच्या प्रती ठेवल्या होत्या. या कुत्र्याला फॅशनपासून जपायचे, त्याचे केस कातरून आकार द्यायचा नाही, असेही तेव्हाच ठरले. हा ठराव मला फार सूज्ञ वाटतो. तरीही त्या टेबलावर एकच जिवंत कुत्रा होता, बाकी सगळी चित्रे होती, हे विसरून चालणार नाही. चित्रावरून नाकाची लांबी मोजता येते. कुत्र्याचे हृदय कितव्या वर्षी थकले हे चित्र सांगत नाही.

या चळवळीचा कणा होत्या एमिस पिट. घरातले नाव उलटे लिहून, म्हणजे ‘हेविट’चे (Hewitt) ‘ट्टिवेह’ (Ttiweh) करून, त्यांनी आपल्या कुत्र्यांचे घराणे-नाव ठरवले होते. त्यांच्याकडे साठेक कुत्रे होते. दुसऱ्या महायुद्धात माणसांनाच रेशनवर जगावे लागत होते, तेव्हा साठाचे तीन झाले. इतरांचीही तीच गत. १९४५ साली केनेल क्लबने कॅव्हेलियरची वेगळी जात म्हणून नोंद सुरू केली, तेव्हा हाताशी होते ते युद्धातून उरलेले मोजके कुत्रे, तेही बहुतेक एकमेकांचे नातलग. पहिला चॅम्पियन ठरलेला डेवेल रॉजर हा अ‍ॅन्स सनच्याच वंशातला, आणि पुढच्या पिढ्यांत त्याचा भरपूर वापर झाला. आपल्याकडे ‘खाण तशी माती’ म्हणतात. इथे खाणच एका ओंजळीएवढी होती.

त्यानंतरची वाढ मात्र मोठ्या केनेलांतून झाली नाही, निदान चांगली वाढ तरी. ती झाली साध्या घरांतून. दोन किंवा तीन माद्या, वर्षा-दोन वर्षांनी एखादे वेत, पिल्ले स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आणि वाट पाहणाऱ्यांची एक छोटी यादी. अमेरिकेत १९५०च्या दशकात या कुत्र्यांच्या हौशी मालकांनी स्वतःचा क्लब काढला आणि सदस्यांसाठी कडक आचारसंहिता केली. तिच्यातले महत्त्वाचे कलम असे की पाळीव प्राण्यांच्या दुकानाला पिल्लू विकायचे नाही. अमेरिकन केनेल क्लबची मान्यता मिळाली तर जात लोकप्रिय होईल आणि मग पिल्लांचा कारखाना सुरू होईल, या भीतीने त्या क्लबच्या बहुसंख्य सदस्यांनी मान्यताच नको अशी भूमिका घेतली. मान्यतेसाठी लोक धडपडतात, हे लोक तिच्यापासून पळत होते. शेवटी एक गट वेगळा झाला, त्याने नवा क्लब काढला आणि १९९०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकन केनेल क्लबची मान्यता आली. ज्याची भीती होती ते पुढे बऱ्याच अंशी घडलेही.

घरात पिल्ले वाढवण्याला विज्ञानाचा आधारही याच काळात मिळाला. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर तेरा वर्षे निरीक्षणे केली आणि १९६५ साली ती ग्रंथरूपाने मांडली. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यापासून बारा आठवड्यांचे होईपर्यंतचा काळ त्याच्या वागणुकीची बैठक घालणारा असतो. या काळात ज्याला माणसाचा हात लागला नाही, ते पुढे माणसाला बिचकतच राहते. म्हणजे कुकरची शिट्टी, दाराची बेल, रांगणारे मूल, झाडू, पाहुण्यांचे आवाज हे सगळे ज्या पिल्लाने आईच्या कुशीत असतानाच अनुभवले ते घरचे होते. गोठ्यातल्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला हे नंतर शिकवणे कठीण. घरगुती पैदाशीची ही बाजू निर्विवाद आहे.

दुसरी बाजू उघड झाली ती स्टेथोस्कोपमधून. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक झडप असते. लहान कुत्र्यांत उतारवयात ती जाड होते, नीट मिटत नाही, रक्त मागे झिरपते. झिरपणाऱ्या रक्ताचा आवाज येतो, त्याला मर्मर म्हणतात. हळूहळू हृदय मोठे होते, फुफ्फुसात पाणी साठते, रात्रीचा खोकला लागतो, धाप लागते. इतर छोट्या जातींत हे म्हातारपणी होते. कॅव्हेलियरमध्ये पाच वर्षांच्या आसपास निम्म्या कुत्र्यांत मर्मर ऐकू येते आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांत. १९८०च्या दशकापासून ब्रिटिश आणि स्वीडिश पशुवैद्यांनी हे लिहून ठेवायला सुरुवात केली. हा आजार एका जनुकाचा नाही, अनेकांचा मिळून आहे, त्यामुळे गालातला कापूस-बोळा प्रयोगशाळेत पाठवून उत्तर येईल अशी सोय नाही. (या जातीतल्या दुसऱ्या दोन आनुवंशिक आजारांसाठी तशी चाचणी २०११ साली निघाली.)

आता यात घराचा संबंध कुठे येतो ते पाहा. प्रदर्शनात जिंकणारा कुत्रा दीड-दोन वर्षांचा असतो. तेव्हा त्याचे हृदय ठणठणीत वाजते. जिंकला की मागणी येते, आणि पाच वर्षांचा होईपर्यंत तो शेकडो पिल्लांचा बाप झालेला असू शकतो. त्याच्या पिल्लांनाही पिल्ले झालेली असतात. मग एके दिवशी त्याच्या मालकिणीच्या लक्षात येते की हा जिना चढताना थांबतो. प्रदर्शनाच्या वहीत ही नोंद कुठेच जात नाही. ती फक्त घरात असते.

१९९८ साली अमेरिकेत भरलेल्या एका परिसंवादात हृदयरोगतज्ज्ञ आणि आनुवंशशास्त्रज्ञांनी मिळून यावर एक नियम सुचवला. अडीच वर्षांच्या आधी कुठल्याही कॅव्हेलियरची वीण करू नये; आणि त्याच्या आईबापांचे हृदय पाच वर्षांच्या वयात स्वच्छ असलेले तपासून घ्यावे. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला दोन आकडे कुठून आले ते कळेना. मग कागदावर हिशेब मांडला. आईबापही अडीच वर्षांचे होईपर्यंत थांबलेले असतील, तर त्यांचे पिल्लू अडीच वर्षांचे होते तेव्हा ते स्वतः पाच वर्षांचे झालेले असतात. गर्भाचे ६३ दिवस धरले तर थोडे जास्तच. आणि त्या घटकेला आजीआजोबा साडेसातच्या पुढे गेलेले असतात. म्हणजे वीण करण्याआधी दोन पिढ्यांचे उतारवय आपोआप डोळ्यांसमोर येते. यंत्र फारसे लागत नाही. लागते ती वाट पाहण्याची तयारी, आणि आजी अजून घरात असणे. पाच-सहा वर्षांची झाली की ‘आता हिचा उपयोग नाही’ म्हणून मादी देऊन टाकणाऱ्याला हा नियम पाळता येत नाही. त्याच्याकडे पुरावाच उरत नाही.

नियम नुसता सुचवून भागत नाही, हेही पुढे दिसले. ब्रिटन-अमेरिकेत तो ऐच्छिक राहिला आणि पुष्कळांनी तो गुंडाळून ठेवला, कारण अडीच वर्षे थांबायचे म्हणजे मादीचे दोन-तीन माज सोडून द्यायचे. स्वीडनमध्ये २००१पासून स्टेथोस्कोपच्या तपासणीवर आधारलेला कार्यक्रम राबवला गेला, पण काही वर्षांनी मोजले तर सहा वर्षांच्या कुत्र्यांत मर्मरचे प्रमाण घटलेले नव्हते. डेन्मार्कच्या केनेल क्लबने २००२पासून सक्ती केली आणि स्टेथोस्कोपच्या जोडीला हृदयाची सोनोग्राफीही घातली. झडपेचा फुगवटा ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर वीण नाही. २०१६ साली या योजनेचे आकडे छापून आले: आईबाप दोघेही योजनेतून पास झालेल्या कुत्र्यांत आजाराचा धोका ७३ टक्क्यांनी कमी झाला होता. सगळ्या कथेत मनापासून बरे वाटावे असा हा एकच आकडा मला भेटला.

कारण दुसरा आजार याहून वाईट आहे. कॅव्हेलियरच्या कवटीचा मागचा भाग मेंदूच्या मानाने लहान पडतो. मेंदूचा शेवटचा भाग कवटीच्या भोकातून खाली दाबला जातो, मेंदूभोवतीच्या पाण्याचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या तयार होतात. नाव सिरिंगोमायलिया. अशा कुत्र्याला मानेला पट्ट्याचा स्पर्श सोसत नाही, तो चालता चालता मागचा पाय उचलून मानेशी हवेत खाजवतो, रात्री अचानक किंचाळतो. आश्चर्य म्हणजे अनेक मालकांना वर्षानुवर्षे ही ‘त्याची खोड’ वाटत होती. क्लेअर रसब्रिज या पशुवैद्य बाईंनी १९९०च्या दशकापासून यावर काम केले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मालकांच्या मते पूर्ण निरोगी असलेल्या ५५५ कॅव्हेलियरांचे एमआरआय काढले होते. एक वर्षाच्या कुत्र्यांत २५ टक्क्यांना पोकळ्या होत्या, सहा वर्षांच्या पुढच्यांत ७० टक्क्यांना. इथेही वय वाढेल तसे उत्तर बदलते.

१९ ऑगस्ट २००८ रोजी बीबीसीने ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ हा माहितीपट दाखवला. वेदनेने तळमळणारे कॅव्हेलियर लोकांनी जेवणाच्या टेबलावर बसून पाहिले. गदारोळ झाला. पुढच्या वर्षीपासून बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण बंद केले. केनेल क्लबने बाप-लेक, आई-मुलगा आणि सख्ख्या भावंडांच्या संबंधातून झालेल्या पिल्लांची नोंद करणे थांबवले. म्हणजे २००८पर्यंत ती होत होती! प्राणिशास्त्रज्ञ पॅट्रिक बेटसन यांचा चौकशी अहवाल २०१० साली आला. माहितीपट एकांगी होता अशी तक्रार पैदास करणाऱ्यांनी केली, आणि तिच्यात थोडे तथ्य आहे: जे लोक दहा वर्षे इमानाने अडीच आणि पाचचा नियम पाळत होते, ते त्यात फारसे दिसत नाहीत. पण ते थोडे होते हेही खरेच.

‘लुसी’ची गोष्ट या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाची. २०१३ साली वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून सोडवलेली पाच वर्षांची कॅव्हेलियर मादी. सतत वेत घेतल्यामुळे आणि पिंजऱ्यात राहून तिचे खुबे जखडले होते, पाठ वाकली होती, अंगावरचे केस गेले होते. २०१६च्या अखेरीस ती मेली. मार्क एब्रहम या पशुवैद्याने तिच्या नावाने मोहीम चालवली आणि ६ एप्रिल २०२० रोजी इंग्लंडमध्ये ‘लुसीचा कायदा’ लागू झाला. सहा महिन्यांखालचे पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने विकायचे नाही. घेणाऱ्याने ते जिथे जन्मले तिथे जाऊन, आईसोबत पाहायचे. घर आणि आई या दोन गोष्टी अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आल्या. त्याआधी २०१८च्या नियमांनी वर्षाला तीन किंवा अधिक वेते घेणाऱ्याला परवाना सक्तीचा केला होता. आधीच्या कायद्यात ही मर्यादा पाच होती.

आपल्याकडे या धर्तीवर केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही, मादी १८ महिन्यांची होण्याआधी तिची वीण करायची नाही, पशुवैद्याचा दाखला घ्यायचा. नियम चांगले आहेत. पण पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या घरांत जो पांढरा ‘पॉमेरियन’ पिढ्यानपिढ्या वाढला (जाणकार त्याला इंडियन स्पिट्झ म्हणतात), त्याची बहुतेक वीण अशा कुठल्या नोंदीशिवाय, सोसायटीतल्या ओळखीवर झाली. आमच्या शेजारच्या वहिनींनी मला एकदा विचारले, “भाऊजी, तुम्ही कुत्र्यांचं वाचता ना? आमच्या राणीला एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत म्हणे, नाहीतर पुढे गर्भाशयाचा त्रास होतो. तुमच्या पाहण्यात एखादा नर आहे का?”

मी म्हटले, “वहिनी, नर मिळेल. पण राणीची आई आहे का अजून?”

“कुणास ठाऊक. ज्यांच्याकडून आणली ते बदलून गेले.”

‘एकदा तरी पिल्लं’ या समजुतीला वैद्यकाचा आधार नाही. व्यायल्याने गर्भाशय सुरक्षित होत नाही, नसबंदीने होते. वहिनींनी शेवटी तेच केले. पण दोष त्यांचा नव्हताच. छोट्या कुत्र्यांत झडपेचा आजार आपल्याकडेही सर्रास आहे, गुडघ्याची वाटी सरकणेही आहे. आणि कुणाची आजी कितव्या वर्षी खोकू लागली याची वही मात्र कुठे नाही. २०१७च्या नियमांतला दाखला वीण करण्याच्या दिवसांतली तब्येत सांगतो. दोन वर्षांच्या मादीची तब्येत त्या दिवसांत चांगलीच असते.

राहता राहिला प्रश्न, सगळे नियम पाळूनही खाणच अपुरी असेल तर काय करायचे? तो नॉर्वेत न्यायालयापुढे आला. तिथल्या प्राणिरक्षण संस्थेने नॉर्वेचा केनेल क्लब, जातीचे क्लब आणि काही पैदासकार यांच्यावर दावा लावला. प्राणिकल्याण कायद्याच्या २५व्या कलमानुसार प्राण्याची पैदास त्याचे आरोग्य टिकेल अशीच करावी लागते. जानेवारी २०२२मध्ये ऑस्लोच्या जिल्हा न्यायालयाने इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर या दोन्ही जातींची पैदास बेकायदा ठरवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अपील न्यायालयाने बुलडॉगला सोडले, कॅव्हेलियरला नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले. निवाड्याचा मथितार्थ असा की आरोपी लोक निष्काळजी होते असे नाही. चाचण्या करून, निवडूनही या बंद वंशावळीतून निरोगी पिल्लाची खात्री देता येत नाही. दुसऱ्या जातीचे रक्त आणून शास्त्रीय रीतीने संकर करण्याला मात्र निवाड्याने बंदी घातली नाही.

संकर म्हणजे काय? कॅव्हेलियरच्या मादीला कणखर हृदयाच्या, वेगळ्या ठेवणीच्या कवटीच्या एखाद्या छोट्या जातीचा नर द्यायचा, पिल्ले घरात वाढवायची, ती अडीच वर्षांची होईपर्यंत थांबायचे, त्यांची हृदये ऐकायची, डोकी एमआरआयखाली घालायची, आणि मग पुढच्या पिढीचे ठरवायचे. पहिल्या काही पिढ्यांत कपाळावरचा ठिपका कदाचित जाईल. कान आखूड होतील. नाक बहुधा थोडे लांबच होईल, आणि त्यासाठी आज कोणी पंचवीस पौंड लावलेले नाहीत.